पुढच्या गिऱ्हाइकाचे घर की आपल्या लेकराचे?

आमच्या समाजातील नोकरदार माणूस आज घर विकत घेऊ लागला आहे. बाप गिरणीत, गोदीत नाहीतर पालिकेच्या सफाई खात्यात राबला. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे वाढली. त्याच खोलीतल्या माळ्यावर अभ्यास करून मोठी झालेली मुले-मुली आता बँकेत, रेल्वेत, इस्पितळात, एखाद्या कंपनीत चिकटली आहेत. लग्न झाले, मूल तीन-चार वर्षांचे झाले, आणि घराचा विषय निघाला. वाडवडिलांचे घर नाही. गावी जमीन असलीच तर वतनाची, तीही कुणाच्या तरी ताब्यात. म्हणजे हे घराण्यातले पहिलेच विकत घेतलेले घर. जन्माची पुंजी त्यात जाणार आणि वीस वर्षांचा पगारही त्यात जाणार.

अशा माणसाला सल्ला देणारे मात्र शेकड्याने भेटतात. कचेरीतला सहकारी म्हणतो, "साहेब, रिसेल व्हॅल्यू बघा. उद्या विकायला काढले तर दुप्पट आले पाहिजेत." बायको म्हणते, "पोराची शाळा कुठे आहे ते आधी बघा." एजंट दोघांनाही मान डोलावतो आणि बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेलच्या पलीकडे कुठेतरी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेऊन जातो. तिथल्या जाहिरातीच्या फलकावर दोन्ही गोष्टी असतातच. "गुंतवणुकीची सुवर्णसंधी" आणि "दोन मिनिटांवर इंटरनॅशनल स्कूल"!

शाळा की रिसेल, हा प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. पण आमच्या माणसाच्या बाबतीत त्यात आणखी काही गुंतलेले आहे, आणि ते बिल्डरही सांगत नाही आणि बँकही सांगत नाही. म्हणून या स्तंभात आम्ही तो विषय घेतो आहोत.

रिसेल व्हॅल्यू म्हणजे काय? आपण घेतलेले घर पुढचे गिऱ्हाईक किती रुपयांना घेईल, त्याचा अंदाज. आता हे पुढचे गिऱ्हाईक कोण? त्याचे नाव आपल्याला माहीत नाही, तोंड आपण पाहिलेले नाही. परंतु त्याच्या आवडीनिवडी मात्र एजंटाला तोंडपाठ असतात. त्याला दार पूर्वेला लागते. स्वयंपाकघर आग्नेयेला लागते. इमारतीत मासळीचा वास आलेला चालत नाही. समोर देऊळ असले तर चांगले. आणि जवळपास "तसली वस्ती" नको. एका एजंटाने तर आम्हाला सरळच सांगितले, "पलीकडे बुद्धविहार आहे ना, म्हणून या बाजूला भाव थोडा पडतो. त्या बाजूच्या विंगला घ्या, रिसेलला बरे." समोर कोण बसले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी त्याने हेच, जरा गोड शब्दांत सांगितले असते.

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या घेणाऱ्यांचा नातू २० वर्षांच्या कर्जावर वास्तुशास्त्राचे जादा पैसे भरतो, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला ते लागते! स्वतःचा विश्वास नाही, बायकोचा नाही, तरी चौरस फुटामागे शे-दोनशे रुपये अधिक मोजतो. विहारापासून लांबची विंग घेतो. मग दारावर आडनाव लावताना विचार करतो, दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावताना विचार करतो, १४ एप्रिलला खिडकीत निळा कंदील लावताना विचार करतो. सोसायटीत कुजबुज झाली तर? घर विकताना भाव पडला तर? जो माणूस अजून दारात आलेलाही नाही, त्याच्या जातीय मनाला घाबरून हा स्वतःच्या घरात चोरासारखा राहतो. यालाच रिसेल व्हॅल्यू सांभाळणे म्हणायचे असेल तर त्या व्हॅल्यूचा खरा मालक कोण, हे एकदा विचारायला हवे.

घर आणि जात यांचा संबंध आमच्या लोकांना नव्याने सांगायला नको. परदेशातून उच्च विद्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नावाने पथिकाश्रमात राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यानंतर संविधान आले. पण संविधानाने सार्वजनिक विहिरी, दुकाने, उपाहारगृहे खुली केली. खासगी घर कोणाला विकावे हा विषय त्या यादीत आला नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा उपविधी चालू शकतो, असा निकाल दिला. शाकाहाराच्या नावाखाली जे चालते ते वेगळेच. त्याला कसला उपविधीही लागत नाही.

इतके असूनही, रिसेल हा विषयच फेकून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि समाजाचे नुकसान करणारे आहे. ज्याच्या मागे बागायत आहे, सराफी पेढी आहे, मामा-काकांच्या चार चाळी आहेत, त्याने घरात पैसे बुडवले तरी तो उभा राहतो. आमच्या माणसाचे घर हीच त्याची जमीन, हेच सोने आणि हाच विमा. नोकरी गेली, आजारपण आले, मुलीला वैद्यकीयला प्रवेश मिळाला, मुलगा परदेशी शिकायला निघाला, तर गहाण ठेवायला किंवा विकायला दुसरे काहीही नसते. घर वेळेला विकले गेले पाहिजे आणि त्याचे पैसे हातात आले पाहिजेत, हा विचार लोभाचा नव्हे. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन इमारती बांधल्या. एक राजगृह, तिथे ग्रंथ आणि कुटुंब राहिले. दुसरी चार मिनार. ती त्यांनी १९४१ साली विकली. पैसे ग्रंथांना आणि देणी फेडायला गेले. विकता येण्याजोगी मालमत्ता विद्येच्या कामी कशी येते, याचा याहून मोठा दाखला आम्हाला माहीत नाही. पण त्यांनी कोणती इमारत ठेवली आणि कोणती विकली, तेही ध्यानात घ्यावे.

आता "पाच वर्षांत दुप्पट" या मंत्राचा हिशेब घालू. कागद-पेन्सिल घेऊन बसावे. समजा घर ३५ लाखांचे आहे. ५ लाख आपले आणि ३० लाख बँकेचे, ९ टक्के व्याजाने, २० वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता सुमारे २७ हजार रुपये येतो. पाच वर्षांत १६ लाख २० हजार भरले जातात. पुष्कळांची समजूत असते की चौथा हिस्सा कर्ज फिटले. फिटलेले नसते! पाच वर्षांनी बँकेत जाऊन विचारा, मूळ कर्जापैकी अजून २६ लाख ६० हजारांच्या घरात बाकी दिसेल. भरलेल्या रकमेपैकी जवळजवळ १२ लाख ८० हजार व्याजात गेले. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत सहा-सात टक्के. सात धरले तर २ लाख ४५ हजार, वर नोंदणीचे ३० हजार. हे सगळे मिळून १५ लाख ५५ हजार झाले. त्यातून वाचलेले भाडे वजा करा. महिना ९ हजार धरले तर पाच वर्षांचे ५ लाख ४० हजार. उरले १० लाखांच्या वर. म्हणजे ३५ लाखांचे घर पाच वर्षांनी ४५ लाखांना गेले तर आपण जिथून निघालो तिथेच येऊन पोहोचलो. यात देखभालीचा खर्च नाही, एजंटाची दलाली नाही, घराला लावलेला रंग नाही.

आणि ४५ लाख देणार कोण? लांबच्या नव्या वसाहतीत बिल्डरचा दुसरा टप्पा, तिसरा टप्पा चालूच असतो. आपण पाच वर्षे वापरलेले घर विकायला काढतो, तेव्हा शेजारीच तो कोरे घर विकत असतो. वर मुद्रांक शुल्क माफ, स्वयंपाकघरात ओटा-कपाटे फुकट. गिऱ्हाईक कोणाकडे जाईल? जिथे रिकामी जमीन मुबलक आहे आणि बांधकाम थांबत नाही, तिथे जुन्या घराला भाव चढायला फार वेळ लागतो. जिथे शाळा, इस्पितळ, स्टेशन आधीपासून आहे आणि नवी जागा शिल्लक नाही, तिथले जुने, लहान घरही गिऱ्हाईक शोधत येते. म्हणजे फिरून शाळेपाशीच आलो. चांगल्या शाळेजवळचे घर बाराही महिने कोणाला तरी हवे असते, कारण दरवर्षी कोणाचे तरी मूल पहिलीत जाते. एजंटाच्या तोंडचा रिसेल आणि आईच्या तोंडची शाळा यांच्यात सांगितले जाते तेवढे भांडण नाहीच.

खरा रिसेल असतो तो कागदात. हे आम्ही जितक्या मोठ्याने सांगता येईल तितक्या मोठ्याने सांगू इच्छितो. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ साली उघड झाले. महापालिकेच्या बनावट परवानग्या आणि त्यांच्या आधारावर मिळवलेली रेरा नोंदणी! २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती २०२५ च्या आरंभीपर्यंत पाडण्यात आल्या. हजारो माणसे रस्त्यावर आली. घर आमच्या माणसाने रोख मोजून घेतले होते, की मराठा, मुसलमान, उत्तर भारतीय बांधवाने, याने काय फरक पडतो? गरिबाला फसवणे सोपे, कारण त्याला स्वस्त घराची घाई असते. रेरा क्रमांक आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बांधकाम परवानगी खरी आहे का ते विचारावे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नसेल तर ते घर उद्या विकताना बँक पुढच्या माणसाला कर्ज देताना दहा वेळा अडवते. जुनी सोसायटी असेल तर जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, अभिहस्तांतरण झाले आहे का, ते पाहावे. झालेले नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी बिल्डरचे वारस उगवतात. वकिलाचा शोध अहवाल काही हजारांत होतो. पस्तीस लाखांच्या व्यवहारात तेवढ्यासाठी हात आखडता घेऊ नये.

आणि सातबारा! तो आमच्या माणसाने तर दोनदा वाचावा. त्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिले आहे का? इतर हक्कांच्या रकान्यात वतनाची नोंद आहे का? महार वतनाच्या विरोधात बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. त्या कायद्याने परत दिलेल्या जमिनी जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. पण पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे या वाढत्या शहरांच्या कडेला याच जमिनींवर कुलमुखत्यारपत्रे होतात, साठेखते होतात. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर वतनी जमिनीचा व्यवहार गाजला, तेव्हा कुठे पांढरपेशा वर्तमानपत्रांना महार वतन हा शब्द आठवला. आमच्या आज्याच्या अंगठ्यावर कवडीमोलाने लिहून घेतलेली जमीन, तिच्यावर बिल्डरची इमारत आणि त्या इमारतीत आमच्याच नातवाने कर्ज काढून घेतलेले, कागदाने लंगडे घर. हे दुर्दैव तरी टाळता येण्यासारखे आहे.

आता शाळेकडे वळू. सुभेदार रामजींनी साताऱ्याहून मुंबईला आल्यावर परळच्या डबक चाळीत एक खोली घेतली. त्या एका खोलीत माणसे, जाते, चूल, लाकूडफाटा, सगळेच. भीमराव आधी झोपायचे आणि रामजी त्यांना रात्री दोनला अभ्यासाला उठवायचे, हे आमच्या घराघरांत सांगितले जाते. पण त्यातला एक भाग सांगायचा राहून जातो. रामजींनी घरात काटकसर केली, शाळेत केली नाही. बोरीबंदरच्या बाजूची एल्फिन्स्टन हायस्कूल ही त्या काळची नावाजलेली सरकारी शाळा. तिथे मुलगा घातला आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला. पेन्शनीत निघालेल्या त्या बापाला पुढचे गिऱ्हाईक दिसत नव्हते, मुलगा दिसत होता. आणि त्याच नावाजलेल्या शाळेत भीमरावांना फळ्यापाशी बोलावले तेव्हा वर्गातली मुले फळ्यामागचे आपले डबे उचलायला धावली, हेही विसरू नये. निकाल चांगला म्हणजे शाळा चांगली, एवढे धरून चालत नाही. आमच्या मुलाला तिथे कोणत्या बाकावर बसवतात, स्नेहसंमेलनात त्याच्या वाट्याला काय येते, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" असे भर वर्गात कोणी म्हणते का, हेही गुणवत्तेतच येते.

एजंट घर दाखवायला रविवारी नेतो. रविवारी शाळा बंद असते! म्हणून एक दिवस रजा टाकून सोमवारी जावे. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर अर्धा तास उभे राहावे आणि मुलांना न्यायला आलेल्या बायांशी बोलावे. त्या जे सांगतील ते माहितीपत्रकात छापलेले नसते. गणिताचे शिक्षक वर्षात किती बदलले? मुलींचे स्वच्छतागृह उघडे असते की कुलूपबंद? शाळेला सरकारची मान्यता आहे का? महापालिका आणि जिल्हा परिषदा दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतात, आणि नव्या वसाहतींतली भपकेबाज नावे त्यात हमखास सापडतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला आणि पालकांना रेल्वे रुळांवर उतरावे लागले. त्यानंतर तरी महिला सेविका आहेत का, कॅमेरे चालू आहेत का, तक्रार कोणाकडे करायची, हे प्रश्न विचारताना कोणी संकोच करू नये.

शिक्षण हक्क कायद्याचेही बघावे. खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट आमच्या अनेक नोकरदारांना अजून ठाऊक नाही. पण अंतराची अट आहे. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. म्हणजे आपल्या घराचा पत्ता हाच मुलाचा प्रवेश अर्ज ठरतो. म्हणून घर ठरवण्याआधी त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आत कोणत्या शाळा आहेत ते नकाशावर मोजून घ्यावे. २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट देऊन टाकली होती. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. लढणारे पालक होते म्हणून रद्द झाला. मात्र एक लक्षात असू द्या, हा हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी भरावी लागते. घराचा हप्ता ठरवताना नऊ वर्षांनी येणारी ती फी आजच धरावी. नाहीतर ऐन दहावीच्या उंबरठ्यावर मुलाची शाळा बदलण्याची पाळी येते.

माध्यमाच्या वादात आम्ही आज शिरत नाही, त्यावर पूर्वी पुष्कळ लिहिले आहे. इतकेच म्हणतो की पालिकेची शाळा म्हटले की नाक मुरडण्याची सवय सोडावी. मुंबई महापालिकेने २०२० नंतर 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने सीबीएसईच्या शाळाही काढल्या. जिथे मुख्याध्यापक खमका आहे, तिथली पालिका शाळा नाक्यावरच्या इंटरनॅशनलपेक्षा कितीतरी उजवी निघते. पाहिल्याशिवाय ठरवू नये.

शाळेच्या गुणवत्तेत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे बाप घरी असणे. बदलापूरहून बोरीबंदरला जाऊन-येऊन चार तास जातात. मूल झोपलेले असताना माणूस निघतो आणि मूल झोपल्यावर परततो. दोघेही नोकरी करणारे असतील तर पोर शेजारी नाहीतर शिकवणीच्या बाईंकडे वाढते. आमच्या पिढीत आई-बाप अडाणी होते, पण संध्याकाळी समोर बसून "वाच" म्हणायचे. आजचे आई-बाप पदवीधर आहेत आणि लोकलच्या दारात लोंबकळत आहेत. दोन खोल्या अधिक मिळाल्या, त्यांत मुलाला अभ्यासाचे टेबल मिळाले, पण टेबलाशेजारी बसायला कोणी नाही. त्यापेक्षा शाळेपासून चालत दहा मिनिटांवर, स्टेशनला धरून, कागद स्वच्छ असलेली एक खोली-स्वयंपाकघराची जुनी जागा आम्ही शंभर वेळा पसंत करू. मग दार पश्चिमेला असो, लिफ्ट नसो, आणि खिडकीतून विहाराचा पंचरंगी ध्वज दिसत असो! म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात. पाच वर्षे विकता येत नाही म्हणून काही जण तिथे अर्जच करत नाहीत. मूल पहिलीत जाणार असेल तर पाच वर्षे विकायचेच कशाला?

कोणी म्हणेल, मग शाळेजवळ भाड्याने राहा, घर नंतर घ्या. हिशेबाने हा सल्ला पुष्कळदा बरोबरही असतो. पण सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात केलेला भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नावावरून जात किंवा धर्म कळला की घर कसे नाकारले जाते, हे त्यात दिसून आले. महाराष्ट्रातला अनुभव निराळा आहे असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय? अकरा महिन्यांनी मालकाची लहर फिरते आणि मुलाची शाळा सुटते. ज्याला आडनावावरून दार लावले जाते, त्याला स्वतःच्या दाराची किंमत रेडी रेकनरमध्ये मिळणार नाही. म्हणून आमच्या माणसाने उधारीच्या हिशेबात थोडे नुकसान सोसून घर घेतले, तर त्याला अडाणी म्हणण्याची घाई अर्थपंडितांनी करू नये. भाड्यानेच राहणे भाग असेल तर करार नोंदणी केलेला असावा. शाळेच्या प्रवेशाला तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला सलते. जो तो चांगल्या शाळेसाठी वस्ती सोडून निघाला, तर वस्तीतल्या शाळेचे काय? अर्ज लिहिता येणारे, अधिकाऱ्याला जाब विचारणारे, माहितीचा अधिकार वापरणारे पालक निघून गेले की ती शाळा आणखी खाली जाते आणि मागे राहिलेली मुले आणखी मागे राहतात. जाणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. त्याच्या मुलाचे वय समाज सुधारेपर्यंत थांबणार नाही. पण सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. आमच्यातले किती जण तिच्या बैठकीला गेले आहेत? जिथे नवे घर घ्याल तिथे हाच प्रश्न पुन्हा येणार आहे. ओळखीची पाच-सहा कुटुंबे एकाच परिसरात घरे घेतात तेव्हा त्यांना समितीत आवाज मिळतो, विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो, सोसायटीच्या सभेत आमचा माणूस एकटा पडत नाही. एकट्याने लपून राहायला "चांगल्या" वस्तीत जाण्यापेक्षा हे बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि करारावर नाव कोणाचे? महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पस्तीस लाखांच्या घरात ३५ हजार रुपये वाचतात, म्हणजे मुलाची वर्षाची वह्या-पुस्तके, गणवेश आणि बसचे भाडे. बँकेच्या कर्जात नवऱ्याला सहकर्जदार राहता येते, त्याला कुठली अडचण नाही. तरीही नोंदणी कार्यालयात रांगेत उभे असलेले आमचे बांधव ती सवलत सोडून देतात, कारण "दारावर पाटी माझी हवी". शाळा बघा असे पहिल्या दिवशी जिने सांगितले, सोमवारी फाटकाबाहेर उभे राहून जिने चौकशी केली, तिचे नाव इंडेक्स टूवर चढायला काय हरकत आहे?